इंजिन मागाहून ऐका, आधी मागची सीट उचला

प्रश्न: जुनी फोक्सवॅगन बीटल घ्यायची हे माझं कॉलेजपासूनचं स्वप्न. आता मुलगी सतरा वर्षांची झाली आहे, तिलाही यंत्रांची आवड आहे. सुट्टीच्या दिवशी दोघांनी मिळून गाडीवर काम करायचं असं आमचं ठरलंय. खिशाला परवडतील अशा दोन गाड्या सापडल्या, दोन्ही 1960च्या दशकाच्या अखेरच्या. पहिली लाल, नुकताच रंग दिलेली, सीटकव्हरं नवी, पहिल्याच सेल्फला सुरू होते, आवाज अगदी मऊ. दुसरीचा मूळचा फिकट निळा रंग पार उडालाय. दोन वर्षं शेडमध्ये उभी आहे, सुरू होते पण न्यूट्रलला आचके देत बंद पडते आणि थोडा धूरही सोडते. किमतीत फारसा फरक नाही. ओळखीच्या मेकॅनिकनं दोन्ही इंजिनं ऐकून ‘डोळे मिटून लाल घ्या’ असं सांगितलं. लाल गाडीचा मालक म्हणतो, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, दोन दिवसांत कळवा. स्वस्तात जुनी गाडी घेताना नेमकं काय तपासायचं?

उत्तर: डोळे मिटून तर कुठलीच घेऊ नका, आणि दोन दिवसांच्या मुदतीत अडकू नका. तुम्ही दिलेल्या माहितीवरून मला निळ्या गाडीत जास्त रस वाटतो. का, ते सविस्तर सांगते.

तुमच्या मेकॅनिकनं इंजिन ऐकलं, कारण इंजिन हा त्याचा विषय. पण स्वस्त जुनी गाडी माणसाला बुडवते ती बहुतेक वेळा इंजिनामुळे नाही, पत्र्यामुळे. तपासणीचा क्रम म्हणूनच मी उलटा ठेवते. जे दुरुस्त करायला सर्वांत अवघड आणि महाग, ते आधी बघायचं. जे सहज बदलता येतं, ते शेवटी. बीटलचं इंजिन गिअरबॉक्सला चार बोल्टांवर धरलेलं असतं. सवयीची दोन माणसं ते एका दुपारी खाली काढतात. 1938 ते 2003 या काळात या गाड्या 2,15,29,464 इतक्या बनल्या, त्यामुळे पिस्टनपासून कार्बोरेटरपर्यंत सगळं अजून नवं मिळतं. कुजलेल्या सांगाड्याचं तसं नाही. पत्राही नवा मिळतो, पण तो बसवायचा म्हणजे गाडी उघडायची, कापायची, आधार देऊन सरळ रेषेत धरायची, वेल्डिंग करायचं आणि पुन्हा रंगवायची. एवढ्या मजुरीत चांगल्या अवस्थेतली दुसरी गाडी येते.

बीटलचा सांगाडा कसा आहे ते आधी समजून घ्या, म्हणजे कुठे बघायचं ते आपोआप कळेल. खाली एक सपाट तळ. त्याच्या मधोमध लांब पोकळ बोगदा, ज्यातून गिअरची दांडी आणि ब्रेक-क्लचच्या केबली जातात. या तळावर वरची बॉडी बोल्टांनी आवळलेली. बॉडीच्या दोन्ही कडांना, दारांच्या खाली, लांबच लांब पोकळ पेट्या आहेत. इंजिनाकडची गरम हवा याच पेट्यांतून पुढे आत येते. या पेट्या हीटरचं काम करतात, पण बॉडीला ताठ ठेवण्याचं कामही त्यांच्यावरच आहे. आतून ओल धरते, बाहेरून चिखल बसतो, आणि पेटी आतल्या आत कुजते. बाहेरून रंग चकचकीत आणि आत पत्र्याच्या जागी तपकिरी पापुद्रे, अशा कितीतरी गाड्या विकायला येतात.

या पेट्यांबाबत आणखी एक गोष्ट, आणि ती जिवाची आहे. सायलेन्सरजवळचा गरम हवेचा भाग गंजून भोकं पडली असतील, तर जळक्या वायूंबरोबर कार्बन मोनॉक्साइड थेट गाडीत येतो. त्याला वास नसतो. हीटर चालू केल्यावर आत धुराचा किंचित जरी वास आला, तरी तो भाग बदलेपर्यंत ती गाडी चालवायची नाही. मुलगी शेजारी बसणार आहे.

आता प्रत्यक्ष पाहणी. भर उजेडात जा. गाडी नुकतीच धुतलेली, ओली असेल तर वाळेपर्यंत थांबा, कारण ओला पत्रा सगळे दोष झाकतो. संध्याकाळी दिव्याखाली बघून या म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. बरोबर चांगला टॉर्च, छोटा लोहचुंबक, मऊ फडकं, दाढीचा आरसा, जाड पुठ्ठा आणि मळले तरी चालतील असे कपडे घ्या. पुठ्ठा जमिनीवर टाकून त्यावर आडवं व्हायचं. गाडीखाली न जाता जुनी गाडी बघितली असं म्हणताच येत नाही. अर्थात नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरायचं नाही, पक्के स्टँड लावल्याशिवाय तर मुळीच नाही.

पहिलं काम, मागची सीट उचला. बसायचा भाग वर उचलून बाहेर काढता येतो. बीटलमध्ये या एका जागी इतकं काही कळतं की बाकीची निम्मी तपासणी तिथेच होते. उजव्या बाजूला बॅटरी असते. वर्षानुवर्षं बॅटरीतून सांडलेलं ॲसिड नेमकं खालच्या पत्र्यावर पडतं. बॅटरी बाजूला करायला सांगा आणि खाली टॉर्च मारा. निरोगी तळ असेल तर पन्हळी उठावाचा पत्रा सलग दिसेल, थोडा वरवरचा गंज चालेल. तिथे सपाट पत्र्याचं ठिगळ, काळं डांबरासारखं काहीतरी फासलेलं किंवा रबरी मॅट चिकटवलेली दिसली, तर खाली काय असेल ते ओळखा. अंगठ्यानं जोरात दाबा. पत्रा दबला, करकरला किंवा पापुद्रा निघाला तर तेवढा तळ बदलावा लागणार. तळाचे अर्धे भाग नवे मिळतात आणि हे काम करणारे लोकही आहेत, त्यामुळे फक्त बॅटरीखालचा कोपरा गेला असेल तर त्यासाठी गाडी सोडू नका. किंमत मात्र त्या हिशेबानं कमी करून घ्या.

तिथेच आणखी दोन गोष्टी बघायच्या. बॅटरीच्या टोकांवर झाकण आहे का? सीटच्या स्प्रिंगा वजनानं खाली दबून टोकांना टेकल्या तर ठिणगी उडते आणि सीटमधला काथ्या पेटतो. बीटलला आग लागण्याचं हे जुनं, ठाऊक असलेलं कारण आहे. दुसरं, बोगद्याच्या वरच्या अंगावर, सीटखालीच, चासी नंबर ठोकलेला असतो. तो कागदावर उतरवून घ्या, स्पष्ट फोटोही काढा. अक्षरं एका ओळीत, एका मापाची, सारख्या खोलीची आहेत का ते बघा. आजूबाजूला वेल्डिंगचा पट्टा किंवा घासलेला पत्रा दिसला तर तिथेच थांबायचं. बाकी गाडी कितीही आवडली तरी.

मग दारं. दोन्ही दारं पूर्ण उघडा, टोकाला हात घालून हलकेच वर उचला. दार वरखाली हलत असेल तर बिजागरीची पिन झिजली आहे, ते किरकोळ. पण बिजागरी घट्ट असून दार लावताना कडीवर आदळत असेल, मागच्या बाजूची फट वर अरुंद आणि खाली रुंद होत असेल, तर बॉडी वाकली आहे. याची खातरजमा करायला मालकाच्या परवानगीनं गाडी जॅकच्या मूळ जागेवर उचला. जॅकची जागा कुजलेली असेल तर जॅक वर जातो आणि गाडी तिथेच राहते. उचलली गेलीच, तर एक चाक जमिनीवरून सुटल्यावर दार उघडून बघा. जमिनीवर असताना सहज उघडणारं दार आता अडकत असेल, तर पेट्यांमध्ये जीव उरलेला नाही. उघड्या टपाच्या गाडीत ही कसोटी जास्तच महत्त्वाची, कारण तिथे छताचा आधार नसतो, सगळा भार तळावर आणि पेट्यांवर.

पुढचं झाकण उघडून सुट्या चाकाचा खड्डा बघा. चाक बाहेर काढायला लावा. खड्ड्यात पाणी साचतं आणि तळाशी भोक पडतं. मग गाडीखाली पुढून आडवं होऊन बोगदा जिथे संपतो आणि पुढच्या ॲक्सलला जोडला जातो ती जागा बघा. इथला गंज वाईट, कारण स्टिअरिंग आणि पुढची चाकं त्याच टोकावर टांगलेली आहेत. मागच्या काचेखालची सामानाची जागा, दारांचा खालचा काठ, मडगार्ड बॉडीला जिथे बोल्टनं जोडलेत ती कड, सगळीकडे बोट फिरवा. सीटबेल्टचे बोल्ट ज्या पत्र्यात धरले आहेत तो पत्रा तर नक्की तपासा. पट्टा नवा आणि खालचा पत्रा कुजका असेल तर तो पट्टा काही धरून ठेवणार नाही.

आता लाल रंगाबद्दल. विकायच्या तोंडावर दिलेला ताजा रंग मला नेहमीच थांबून विचार करायला लावतो. प्रत्येक वेळी त्यामागे लबाडी असते असं नाही. काही मालक खरोखर मन लावून काम करून घेतात. पण अशा माणसाकडे रंगाआधीचे फोटो असतात, कारण उघडी गाडी, कापलेला पत्रा, नवं वेल्डिंग हे सगळं त्यानं अभिमानानं टिपून ठेवलेलं असतं. म्हणून सरळ विचारा, ‘रंग द्यायच्या आधीचे फोटो दाखवता का?’ उत्तर टाळाटाळीचं आलं तर लोहचुंबक काढा. फडक्यात गुंडाळून मडगार्ड, दाराचा खालचा भाग, चाकांच्या कमानी आणि दाराखालची पेटी यांवरून फिरवा. जिथे तो सैल पडतो तिथे रंगाखाली पत्रा नाही, पुट्टी आहे. रंगाची जाडी मोजायचं यंत्र कोणाकडून मिळालं तर उत्तमच. कारखान्यातला रंग साधारण 80 ते 150 मायक्रॉन जाडीचा असतो. दोन-तीनशे म्हणजे वर दुसरा हात मारलाय. आकडा हजाराच्या पुढे गेला की ती पुट्टीच.

गाडीच्या कोपऱ्यावर उकिडवं बसून पत्र्याच्या कडेनं लांबवर नजर टाका. प्रतिबिंब लाटांसारखं हलत असेल तर खाली ठोकपीट झाली आहे. काचेचं रबर थोडं उचलून बघा. रबरावर, वायरींवर, दाराच्या कुलपाच्या पत्रीवर लाल कण उडालेले असतील, तर गाडी न खोलता वरवर रंगवली आहे. आणि रंगावर मोहरीएवढे फुगवटे दिसले तर ते कीड लागल्याची खूण समजा. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून तो आतून रंग वर ढकलतो. फुगवटा दिसतो तेव्हा भोक आतून बाहेर आलेलं असतं. गाडीखालचा ताजा, चमकदार काळा थर हाही असाच तपासायचा. चांगल्या पत्र्यावर तो संरक्षण आहे, कुजक्या पत्र्यावर पडदा.

निळ्या गाडीचा उडालेला रंग मला आश्वासक वाटतो तो यामुळेच. तिच्यात काही लपवलेलं नाही. गंज असेल तर दिसेल, ठिगळ असेल तर कळेल. उन्हानं रंग जातो, पण पत्रा उन्हानं जात नाही. तो जातो पाण्यानं, खारट हवेनं आणि रस्त्यावर टाकलेल्या मिठानं. दोन्ही गाड्या आयुष्यभर कुठे राहिल्या ते मालकांना विचारा. समुद्रकाठी किंवा बर्फाच्या प्रदेशात बरीच वर्षं काढलेली गाडी दुप्पट बारकाईनं बघावी लागते. शेडची जमीन मातीची असेल तर खालून सतत ओल लागते, म्हणून नुसतं ‘छपराखाली होती’ एवढ्यावर समाधान मानू नका.

इतर गाड्यांचा विचार करणाऱ्या वाचकांसाठी दोन शब्द, कारण प्रत्येक गाडीची दुखरी जागा वेगळी असते आणि ती आधी माहीत करून घेऊनच जायला हवं. मूळच्या मिनीमध्ये मागचा सबफ्रेम, म्हणजे मागची चाकं ज्यावर बसतात ती वेगळी चौकट, कुजतो. एमजीबीमध्ये दाराखालच्या पेट्या हाच सांगाडा आहे, तिथे बाहेरून नवा पत्रा लावून आतला कुजका तसाच ठेवण्याचा प्रकार सर्रास होतो. मॉरिस मायनरच्या पुढच्या चाकांचे आट्यांचे सांधे वेळच्या वेळी ग्रीस न मिळाल्यास झिजून सुटतात आणि चाक आडवं पडतं. जुन्या लँड रोव्हरच्या बॉडीचे बहुतेक पत्रे ॲल्युमिनियमचे, तिथे लोहचुंबक काही सांगणार नाही, पण खालची चासी पोलादी आहे आणि ती गंजतेच. सित्रोएन डीएसच्या जुन्या गाड्यांत लाल आणि नंतरच्या गाड्यांत हिरवं हायड्रॉलिक तेल लागतं. चुकीचं घातलं की सगळी रबरं फुगून बाद होतात, म्हणून टाकीतला रंग स्वतः बघायचा.

कागदपत्रांत घाई नको. चासीवरचा नंबर, पुढच्या झाकणाखालच्या पट्टीवरचा नंबर आणि कागदांवरचा नंबर अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे. सतरा अक्षरांचा ठरीव नंबर 1980च्या दशकात रूढ झाला. त्याआधीच्या गाड्यांचे नंबर लहान असतात, त्यामुळे आखूड नंबर पाहून बिचकू नका. इंजिन नंबर बीटलमध्ये डायनमोच्या बैठकीखाली क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धातूच्या कवचावर, असतो. इंजिन मध्ये कधी बदललेलं असेल तर तो वेगळा असू शकतो, त्यात गैर काही नाही, फक्त कागदांवर तशी नोंद हवी. विकणारा माणूस आणि कागदांवरचा मालक एकच आहे का, गाडीवर कर्ज किंवा जुना दंड शिल्लक आहे का, हे पैसे देण्याआधी नोंदणी कार्यालयात विचारून घ्या. ‘कागद नंतर करून देतो’ असं म्हणणाऱ्याला पैसेही नंतरच द्यायचे.

एवढं सगळं झाल्यावर इंजिन. आधी कळवून गेलात तर मालकाला सांगून ठेवा की गाडी सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर इंजिनाला हात लावून बघा. गरम लागलं तर त्याला गार इंजिन तुम्हाला दाखवायचं नाहीये. पुन्हा दुसऱ्या दिवशी सकाळी जा. खोड्या सगळ्या गार इंजिनातच दिसतात.

सुरू करण्याआधी, इंजिन बंद असताना, मागची मोठी पुली दोन्ही हातांनी धरा आणि सरळ स्वतःकडे ओढा, मग आत ढकला. फिरवायची नाही, पुढे-मागे हलवायची. चांगल्या इंजिनात ही हालचाल केसाएवढी असते, साधारण 0.07 ते 0.13 मिलिमीटर, हाताला जवळपास जाणवत नाही. टक् टक् असा स्पष्ट धक्का लागला तर क्रँकचे बेअरिंग आणि बहुधा ज्यात ते बसतं ते केसिंगही झिजलंय, म्हणजे इंजिन पूर्ण खोलावं लागणार. मऊ आवाज ऐकून हे कळत नाही. पुली ओढायला अर्धा मिनिट लागतो आणि बहुतेक गिऱ्हाईकं ती ओढत नाहीत.

आवाजाबद्दल तुमच्या मेकॅनिकशी माझा मतभेद इथेच आहे. बीटलच्या इंजिनात व्हॉल्व्हना थोडी मोकळीक लागते, गार असताना साधारण 0.15 मिलिमीटर, आणि दर 5,000 किलोमीटरला ती तपासायची असते. त्यामुळे हलकी टिकटिक हे चांगलं लक्षण आहे. अगदी मऊ, निःशब्द चालणाऱ्या इंजिनात ती मोकळीक संपलेली असू शकते. मग व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, गरम वायू त्याच्या काठावरून निसटतो आणि व्हॉल्व्ह जळतो. तिसऱ्या सिलिंडरकडे विशेष लक्ष द्या. या काळातल्या इंजिनांत ऑईल कूलर पंख्याच्या हवेच्या वाटेत असतो, त्यामुळे त्या सिलिंडरला हवा कमी मिळते आणि तो जास्त तापतो.

निळ्या गाडीचे आचके मला घाबरवत नाहीत. दोन वर्षं उभ्या गाडीत पेट्रोल सुकून कार्बोरेटरच्या बारीक भोकांत चिकट थर बसतो, ठिणगीचा प्रवाह जोडणारे-तोडणारे पॉइंट काळे पडतात, रबरं आकसून हवा ओढतात. हे सगळं साफसफाईचं आणि थोड्या सुट्या भागांचं काम, तुमच्या मुलीला शिकवायला फार छान. धुराचा रंग मात्र नीट बघा. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, तो कार्बोरेटरचाच प्रश्न. निळसर धूर म्हणजे ऑईल जळतंय. उभ्या बीटलमध्ये आडव्या सिलिंडरांत ऑईल झिरपतं, म्हणून पहिला एक-दोन मिनिटांचा निळा धूर सोडून द्यावा. गरम झाल्यावर ॲक्सिलरेटर दाबल्यावर येत राहिला तर पिस्टनच्या रिंग गेल्या, उतारावर पाय काढून परत दाबल्यावर झुळूक आली तर व्हॉल्व्हचे गाइड, म्हणजे व्हॉल्व्ह ज्यातून सरकतात त्या नळ्या, झिजल्या. बीटलमध्ये रेडिएटरच नाही. पाण्यानं गार होणाऱ्या इंजिनात मात्र गरम झाल्यावरही न थांबणारा पांढरा धूर आणि ऑईलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली, तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखालच्या सीलचा, संशय घ्या.

अंदाजांपेक्षा कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजून घ्या. इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, आणि एकेका सिलिंडरला मीटर लावून सेल्फ मारायचा. चारही आकडे एकमेकांच्या जवळ, साधारण पंधरा टक्क्यांच्या आत असले की झालं. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर ऑईल घालून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंग, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. आडव्या इंजिनात ऑईल एका बाजूला साचतं, म्हणून ही दुसरी चाचणी बीटलमध्ये तितकी भरवशाची नाही, पहिली पुरते. हे मोजमाप दोन्ही गाड्यांचं करा आणि मेकॅनिकला तेव्हा सोबत न्या. कानापेक्षा मीटर हातात असला की त्याचा सल्लाही बदलू शकेल.

इंजिनाच्या भोवतीचे पत्रे आणि कडेचं रबर जागेवर आहे का? ते शोभेचं नाही. त्यांच्यामुळे गार हवा वर आणि गरम हवा खाली राहते. हौशी लोक ते काढून टाकतात आणि इंजिन आपलीच गरम हवा पुन्हा ओढतं. फॅन बेल्ट बघा. तोच डायनमो फिरवतो आणि थंड हवेचा पंखाही, म्हणून चालत्या बीटलमध्ये चार्जिंगचा लाल दिवा लागला तर तिथल्या तिथे थांबायचं, हे मुलीला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

पेट्रोलच्या नळ्यांबद्दल मी जरा हट्टी आहे. जुनं रबर आजच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला टिकत नाही, भेगा पडतात, आणि बीटलमध्ये त्या नळ्या गरम इंजिनाच्या अगदी वर, डिस्ट्रिब्युटरच्या ठिणगीजवळ असतात. क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा. तो एकदा पेटला की विझवणं फार कठीण. कुठलीही गाडी घ्या, घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतची सगळी नळी इथेनॉल सोसणारी टाकून घेणं, पक्क्या क्लिपांसह. त्याआधी इंजिन सुरूही करायचं नाही. गाडीत अग्निशामक ठेवा.

चालवून बघताना फार काही अवघड नाही. मोकळ्या रस्त्यावर दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये वेग घेऊन एकदम पाय काढा. गिअर उडून न्यूट्रलला आला तर गिअरबॉक्स खोलणं आलं. कमी वेगात वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा सूर चढला आणि गाडी तशीच राहिली तर क्लच घसरतोय. सरळ रस्त्यावर ब्रेक लावून स्टिअरिंग सैल धरा, गाडी एका बाजूला ओढत असेल तर चाकातला सिलिंडर गळतोय किंवा अडकलाय. उभ्या गाडीत ब्रेक दाबून मिनिटभर धरून ठेवा, पेडल हळूहळू खाली गेलं तर मास्टर सिलिंडर. हे सगळे भाग मिळतात, त्यामुळे यातल्या कशानंही निराश होऊ नका, फक्त यादीत लिहा. दोन वर्षं उभ्या असलेल्या निळ्या गाडीत ब्रेक ऑईल ओल शोषून बिघडलंय असंच धरून चाला. तिची रस्त्यावरची चाचणी ब्रेक दुरुस्त झाल्याशिवाय घेऊ नका, आवारात पुढे-मागे करा तेवढं बास.

टायरची नक्षी शाबूत दिसते म्हणून टायर चांगले असं नाही. बाजूच्या भिंतीवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 2214 म्हणजे 2014च्या बाविसाव्या आठवड्यातला टायर. तीनच आकडे असतील तर तो 2000 सालाआधीचा, त्यावर गाडी ढकलून शेडमधून बाहेर काढावी एवढाच त्याचा उपयोग. दहा वर्षांवरचे चारही टायर बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करा.

सगळं जागेवर आहे का हेही मोजा. दिव्यांच्या काचा, बंपर, हँडलं, क्रोमच्या पट्ट्या. ‘सगळं खोक्यात आहे’ असं म्हटलं तर खोकं उघडून बघा. बीटलचे बहुतेक तुकडे मिळतात, पण कमी बनलेल्या गाड्यांत एका मागच्या दिव्याच्या काचेसाठी वर्ष जातं.

पैशांचं एवढंच. तुमच्या जवळ जेवढे आहेत ते सगळे खरेदीत घालू नका. निदान तिसरा हिस्सा बाजूला ठेवा. टायर, ब्रेक, नळ्या आणि वायरिंग हे पहिल्या काही महिन्यांत लागणारच, आणि तेवढ्यासाठी काम थांबलं की गाडी पुन्हा शेडमध्ये उभी राहते. तुमचा उत्साह आणि मुलीचा हात त्या वेळी असाच राहावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

निळ्या गाडीची बॅटरीखालची जागा थोडी कुजलेली असेल, बाकी पेट्या टणक असतील, पुली हलत नसेल आणि नंबर जुळत असतील, तर घासाघीस करून घ्या. पेट्याच गेल्या असतील तर तीही सोडा, तिसरी मिळेल. लाल गाडीच्या मालकानं रंगाआधीचे फोटो दाखवले आणि चुंबक सगळीकडे नीट चिकटला, तर माझं मत बदलायला मी तयार आहे. दुसऱ्या गिऱ्हाइकानं ती नेली तर नेऊ द्या. आज फक्त निळ्या गाडीच्या मालकाला फोन करा, मागची सीट उचलून बॅटरीखालचा एक फोटो पाठवायला सांगा, आणि रविवारी सकाळी इंजिन गार असताना मुलीला घेऊन जा. टॉर्च तिच्या हातात द्या.